सायबरस्टर: दारं दिली, बाकीचं काय?

कास्तकार_टर्बो
मंडळी, एमजी सायबरस्टर या दोन सीटच्या इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारवर आजवर जे लिहून आलं त्यातलं अर्धं नुसतं दारांवर आहे. दार कात्रीसारखं वर जातं, झकास दिसतं, मान्य. जुलै 2025 मध्ये 74.99 लाख एक्स-शोरूमला आली, दोन मोटर, 510 पीएस, 725 न्यूटन-मीटर, शंभरचा वेग 3.2 सेकंदांत. हे आता शाळेतली पोरंही घडाघडा सांगतात. या धाग्यात बोलू ते न दिलेल्या गोष्टींबद्दल. "तुमच्या खेड्यात ही घेणार कोण?" असं विचारायला येणाऱ्यांना आधीच रामराम. आवड असायला सातबारा लागत नाही.

माझी पहिली तक्रार दारांची नाही, मोटरींची आहे. इंग्लंडात हीच गाडी दोन प्रकारांत विकतात. ट्रॉफी म्हणजे एकच मोटर, मागची चाकं ओढणार, 340 पीएस. जीटी म्हणजे दोन मोटर, चारही चाकं. बॅटरी दोघींची तीच, 77 किलोवॅट-तासांची. आपल्याकडे फक्त जीटी आणली. आता वजन बघा: जीटी 1985 किलो, ट्रॉफी 1885. पुढची मोटर गेली की शंभर किलो गेले. त्यांच्या डब्ल्यूएलटीपी या पल्ला मोजायच्या चाचणीत जीटी एका चार्जमध्ये साधारण 444 किलोमीटर जाते आणि ट्रॉफी 508. म्हणजे हलकी, लांब पल्ल्याची आणि स्वस्त गाडी तिकडे ठेवली अन् जड, महाग गाडी आपल्याला दिली. ट्रॉफीला शंभर गाठायला पाच सेकंद लागतात. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे. पाच सेकंदांत काय अडतंय?

शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेल्यांना हे समजावायला नको. पटाच्या छकडीत धुरकरी (हाकणारा) एक खिळाही फालतू ठेवत नाही. बैल कितीही ताकदीचे असोत, मागचं लाकूड हलकं पाहिजे. एमजी या नावाची जुनी कीर्तीही हलक्या गाड्यांचीच. 1962 साली आलेली एमजीबी सुरुवातीला एक टनाच्या आत होती. ही तिच्या दुप्पट.

आणखी एक. इथे जाहिरातीत 580 किलोमीटर लिहिलंय. तीच जीटी, तीच बॅटरी, तिकडे 444 आणि इकडे 580. फरक गाडीत नाही, चाचणीत आहे. आपली एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) चाचणी फार सौम्य आहे. 580 वाचून कोणी नागपूरजवळच्या शिवमडक्याहून मुंबईकडे निघू नका. समृद्धी 701 किलोमीटर आहे आणि 120 ने चालवलं तर 444 सुद्धा विसरा. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि वर उघडं छप्पर असेल तर बघायलाच नको.

तर तुमची यादी टाका.

ठेचा_भाकर
सीट गरम करायची सोय दिली म्हणे. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बारा वाजता अंगणात गाडी लावा, सीट फुकटात गरम होते. द्यायचीच होती तर गार हवेची द्यायची.

मुंबईचा_जावई
कास्तकार, रामराम स्वीकारला, तरी विचारतोच. ही गाडी शहरात वीकेंडला मिरवायची आहे. तिच्याकडून शेतरस्त्याची अपेक्षा का करायची? तुमच्याकडे बोलेरो आहे की.

कास्तकार_टर्बो
जावईबापू, शेतरस्त्याची अपेक्षा कोणी केली? पांदणीत बैलबंडीच जाते, ते आम्हालाही कळतं. पण देशातला सर्वांत सरळ, रुंद आणि मोकळा काँक्रीटचा रस्ता कोणाच्या दारातून जातो? नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा. स्पोर्ट्स कार दमात चालवायची जागा आमच्याकडे आहे आणि गाड्या तुमच्याकडे, सिग्नलला उभ्या. आमची अडचण फक्त इंटरचेंजपासून घरापर्यंतच्या रस्त्याची आहे. कंपनीने तेवढ्याचा विचार करायचा होता.

फिटरभाऊ
दारबिर राहू द्या ना भाऊ. खाली वाकून टायर वाचा. पुढं 245/40 आर20, मांगं 275/35 आर20. मी गॅरेजवाला माणूस, मले गाडी टायरापासूनच दिसते.

245 चे 40 टक्के म्हणजे 98 मिलिमीटर. रिम अन् रस्त्याच्या मधात रबराची भिंत एवढीच. मांगं तं 96. आता बोलेरोचं पाहा, 215/75 आर15, भिंत 161. स्विफ्टची 185/65 आर15, भिंत 120. खड्डा आला का बोलेरोचं टायर दबते अन् उठते. 98 वाल्याले दबायले जागाच नाई. खड्ड्याची कड अन् रिमची कड, याच्यात रबर चेंगरते. दुसऱ्या दिवशी बाजूले आंब्याएवढा फुगा. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. त्याले पंक्चर नाई म्हणत, टायर गेलं म्हणतात.

अन् गेल्यावर गाडीत काय हाय? फेसाची बाटली अन् छोटा पंप. थो फेस खिळ्याच्या भोकाले चालते, तेही टायर जिथं रस्त्याले टेकते तिथल्याच. बाजू फाटली तं बाटली दहा ओता, फेस बाहेर अन् हवाही बाहेर. मांगच्या महिन्यात एका गाडीचं असं टायर उतरवलं. गिऱ्हाइकानं आधी फेस मारला होता. टायर खोललं तं आत पांढरा चिकट लगदा, रिमले, व्हॉल्व्हले, सगळीकडं. पाण्यानं निंगत नाई. वाळला का रबरासारखा होते. खरडून खरडून पोट्टं दमलं, तवा कुठं आतून पॅच बसला.

माझी यादी एका ओळीची हाय. स्टेपनी.

मुंबईचा_जावई
रोडसाइड असिस्टन्स असतं ना. फोन केला की फ्लॅटबेड येतो.

फिटरभाऊ
येते ना. पहिले फोन लागला पायजे. मंग थो विचारते 'लोकेशन टाका.' मंग थो जिल्ह्याच्या गावाहून निंगते. मे महिन्यात काँक्रीटवर सावलीले झाड नसते जावईबापू, अन् गाडीले वरतून कापड हाय.

गिअरवेडी
स्टेपनीबद्दल एक माहितीची भर. आपल्याकडे जुलै 2020 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाडीत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालतं. ऑक्टोबर 2020 पासून ते लागू आहे. त्यामुळे कंपनीने नियम मोडलेला नाही, नियमाचा फायदा घेतलाय. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी मजल्याखाली पसरलेली, डिकी 249 लिटरची. त्यांच्या दृष्टीने स्टेपनी म्हणजे बॅग ठेवायची जागा खाणारं लोखंड.

माझी यादी वेगळी आहे. माहेर पुसदकडचं, नोकरी पुण्यात गाड्यांच्याच धंद्यात, त्यामुळे जरा लांबण लावते.

मला गिअर पाहिजे. इलेक्ट्रिक गाडीला गिअर लागत नाही हे मला माहीत आहे, कृपया कोणी मोटरचा टॉर्क शून्यापासून मिळतो हे समजावू नका. पण चालवणाऱ्याच्या हाताला काम पाहिजे. ह्युंदाईने 2023 साली आयोनिक 5 एन मध्ये ते करून दाखवलं. स्टीअरिंगमागच्या पट्ट्या ओढल्या की मोटर आठ गिअर असल्यासारखी वागते. गिअर टाकला की झटका बसतो, वरच्या आरपीएमला गेल्यावर गाडी अडते, आवाजही तसाच. सगळं सॉफ्टवेअरचं नाटक आहे, पण ते नाटक इतकं चोख वठलंय की पेट्रोलवाले चालकही त्याला हसले नाहीत. सायबरस्टरमध्येही पट्ट्या आहेत. त्यातली एक रिजनची पातळी बदलते, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी किती अडवायची ते. म्हणजे पट्टी आहे, मोटर आहे, कंट्रोलर आहे, फक्त प्रोग्राम लिहायची इच्छा नाही.

आणि मागणी करून काय मिळतं, असं म्हणणाऱ्यांसाठी: मिळतं. 2019 साली टोयोटाने सुप्रा परत आणली, फक्त ऑटोमॅटिक. जगभरच्या हौशी लोकांनी डोकं खाल्लं. 2022 मध्ये सहा गिअरची मॅन्युअल आली. पोर्शेने 2013 ची 911 जीटी3 फक्त पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये काढली होती. ओरड झाली. 2016 मध्ये 911 आर आली, फक्त मॅन्युअल, 991 गाड्या, आणि त्या वाट्टेल त्या भावाने पुढे विकल्या गेल्या. 2017 च्या जीटी3 मध्ये मॅन्युअल गपचूप परत. सुप्राची सख्खी बहीण बीएमडब्ल्यू झेड4, दोघी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या एकाच कारखान्यात बनल्या. तिची मॅन्युअल आवृत्ती 2025 मध्ये भारतातसुद्धा आली, जवळपास 98 लाखांना. गंमत म्हणजे मॅन्युअलची किंमत ऑटोमॅटिकपेक्षा लाखभर जास्त. क्लच दाबायचे पैसे वेगळे!

ठेचा_भाकर
आमच्या ट्रॅक्टरला क्लच फुकट आहे ताई. दोन-दोन ब्रेकसुद्धा.

जुनाखेळाडू
गिअरवेडीताईंचं लिखाण आवडलं. पण तुम्ही तरुण मंडळी बाहेरच्या गाड्यांच्या याद्या करता, तेव्हा आपल्या देशी स्पोर्ट्स गाड्यांत काय राहिलं होतं तेही आठवा.

गोव्यात सॅन मोटर्सने स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी काढली होती. फायबरची बॉडी, रेनोचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. हलकी होती, दिसायला खेळकर होती. राहिली कशाची? ताकदीची आणि विकल्यानंतरच्या सेवेची. नंतर दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीची अवंती, 2012 च्या ऑटो एक्स्पोत सगळ्यांनी गर्दी केली. इंजिन मध्यभागी, चालकाच्या पाठीमागे, तेही रेनोचंच, दोन लिटर टर्बो, 250 अश्वशक्ती, गिअर हाताने टाकायचे. यादी कागदावर पूर्ण होती. राहिलं ते फिनिशिंग. आणि टाटांची रेसमो, मार्च 2017, जिनेव्हा. 1.2 लिटर टर्बो, 190 पीएस, चालकाच्या मागे बसवलेलं. ती तर बाजारातच आली नाही. तिच्यात काय राहिलं विचाराल, तर अख्खी गाडीच राहिली!

म्हणून मला सायबरस्टरचा राग येत नाही. चुकतमाकत का होईना, शोरूममध्ये उभी आहे.

आता माझी मागणी: लोखंडी छप्पर. कापडाचं छप्पर दहा सेकंदांत उघडतं, ताशी 50 च्या आत चालत्या गाडीतही उघडतं, सगळं खरं. पण आमच्या गावात वानरांच्या टोळ्या आहेत. ज्यांच्या घरावर टिनाची पत्रं आहेत त्यांना पहाटेचा तो धडाधड आवाज ठाऊक आहे. मोटारसायकलच्या सीट फाडून आतला फोम काढतात, मग हे मऊ, ताणलेलं, उबदार कापड ते काय सोडतात? माझदाने एमएक्स-5 ची आरएफ आवृत्ती काढली, तिचं कडक छप्पर घडी होऊन मागे जातं. बीएमडब्ल्यूच्या 2009 ते 2016 च्या झेड4 ला धातूचंच घडीचं छप्पर होतं. नंतरच्या झेड4 मध्ये परत कापड आणलं, वजन आणि जागा वाचवायला. तिकडे वानर नाहीत, त्यांना परवडतं.

कास्तकार_टर्बो
खेळाडूकाका, वानरांचा मुद्दा यादीत सगळ्यात वर पाहिजे. संत्र्याच्या बागेत त्यांनी आम्हाला जेवढं छळलंय तेवढं सरकारनेही छळलं नाही.

रेसमोची खंत मात्र मलाही आहे. 190 पीएस, लहान गाडी, देशी कंपनी. ती आली असती तर हा धागा वेगळा असता.

वायरमन_दादा
वीजवितरणात आयुष्य गेलं, आता मोकळा आहे. सगळे टायर आणि छप्पर बोलून राहिले, रात्री गाडी प्लगला लावायची कुठे ते कोणी बोललं नाही.

77 युनिटची बॅटरी. पंधरा अँपिअरच्या घरगुती प्लगवर, चांगल्या व्होल्टेजला, साडेतीन किलोवॅटसुद्धा मिळत नाहीत. रिकामी बॅटरी भरायला अख्खा दिवस. आता गावठाण फीडरवर संध्याकाळी सातला जा. सगळ्यांचे पंखे, कूलर, टीव्ही सुरू. व्होल्टेज 180 वर येतं, बल्ब डिम होतो. त्याच पंधरा अँपिअरवर आता 2.7 किलोवॅट. अठ्ठावीस तासांच्या वर गेलं, आणि त्यात मधेच डीपीवरचा फ्यूज उडाला तर तेवढे तास वेगळे. थ्री फेज पाहिजे म्हणाल तर कृषीपंपाच्या फीडरला ती पाळीपाळीने येते, या आठवड्यात दिवसा तर पुढच्यात रात्री. तूर भिजवायची की गाडी चार्ज करायची, घरात भांडण.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. गाडीसोबत येणारा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, बरोबर नसेल तर सुरूच होत नाही. हे चांगलंच आहे, जिवाचा प्रश्न आहे. पण खेड्यातली अर्थिंग कशी असते? कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पट्टी पुरली आणि विसरला. उन्हाळ्यात आपली काळी माती फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती पट्टीपासून सुटते, ओल जाते, अर्थिंग मरते. चार्जरवर लाल दिवा लागतो आणि मालक सर्व्हिस सेंटरला फोन करतो की चार्जर खराब निघाला. खरं औषध म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी. पाणी टाकूनही दिवा गेला नाही तर लायसनवाला वायरमन बोलवा, चार्जरला फसवायचे उद्योग करू नका.

माझी मागणी म्हणून एवढीच: लाल दिवा दाखवू नका, सरळ मराठीत लिहा, 'अर्थिंग तपासा', 'व्होल्टेज कमी आहे'. 75 लाखांच्या गाडीत तीन-तीन स्क्रीन लावल्या, एकीवर एवढं लिहायला काय जातं?

गिअरवेडी
दादा, हा मुद्दा आमच्या मीटिंगमध्ये कोणी कधी काढत नाही. मी काढणार आहे.

उन्हाचा आणखी एक परिणाम चार्जिंगवर होतो. लिथियमच्या सेलला साधारण वीस ते चाळीस अंशांच्या मधली हवा मानवते. समृद्धीवरून तापून आलेली बॅटरी फास्ट चार्जरला लावली आणि बाहेर 45 अंश असेल, तर गाडी आधी स्वतःला गार करते आणि तोवर वीज कमी घेते. बॅटरी गार करणारं यंत्र आणि केबिनचा एसी एकाच रेफ्रिजरंटच्या फेऱ्यात असतात. म्हणून चार्ज होताना आत एसी लावून बसलात तर दोघांची ओढाताण. जाहिरातीतला फास्ट चार्जिंगचा वेळ आपल्या मे महिन्यात मिळेलच असं धरून चालू नका.

ठेचा_भाकर
म्हणजे गाडीलापण उन्हाची दुपारची झोप पाहिजे. आपल्यातलीच आहे.

मुंबईचा_जावई
स्क्रीनचा विषय निघालाच आहे तर माझाही एक मुद्दा. चालवून पाहिली आहे. चालकासमोर तीन स्क्रीन आहेत, मधली मोठी आणि दोन बाजूंना सात-सात इंचांच्या. पण स्टीअरिंगच्या कडेने बाजूच्या दोन्ही अर्ध्या झाकल्या जातात. डावीकडचा नकाशा बघायला मान वाकडी करावी लागते. आणि एसी खालच्या चौथ्या स्क्रीनवर. काचेवर आकडे दाखवणारा हेडअप डिस्प्ले दिला असता तर हे सगळं सुटलं असतं.

कास्तकार_टर्बो
जावईबापू, आता आमच्यात बसलात! बटणं हा माझाही जुना राग आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत हाताला काय काय लागलेलं असतं. उन्हाळ्यात घामाने बोट ओलं. ओलं बोट काचेवर फिरवून एसी एकने वाढवायचा आणि ते नेमकं रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा येण्याच्या वेळी. फिरवायचं बटण असलं की नजर न हलवता काम होतं. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातल्या एनकॅप संस्थेनेही 2026 पासून पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे अशा काही कामांना खरी बटणं वा दांडी मागितली आहे. एसी त्यात नाही, पण वारं कुठल्या दिशेने आहे ते कळतं.

आणि खालचा भाग. गाडीचं पोट आणि आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असा सांगितलाय, म्हणजे चढ लांबवर पसरलेला. आमच्या फाट्यावरचा कोणाच्या तरी दाराशी अपघात झाला त्या रात्रीच तयार झाला. हातभर रुंद आणि वरून टोकदार. त्यावर 2690 मिलिमीटर व्हीलबेसची बुटकी गाडी म्हणजे पुढची चाकं उतरली की बॅटरीचं खोकं घासणार.

यावर उपाय जगात आहे. 2020 च्या कॉर्व्हेट सी8 मध्ये एक बटण दाबलं की नाक तीन सेकंदांत 40 मिलिमीटर वर जातं. वर जीपीएसने हजार जागा लक्षात ठेवते, पुढच्या वेळी तिथे पोचलात की आपोआप नाक उचलते. सायबरस्टरला साध्या लोखंडी स्प्रिंगा आहेत, यातलं काही नाही. 75 लाखांत पुढच्या दोन शॉकअपला हायड्रॉलिक कप बसवायचा होता. दाराला मोटर बसवली, नाकाला नाही.

जुनाखेळाडू
हजार जागा? तालुक्यापर्यंतच संपतील.

ठेचा_भाकर
काका, वाशीम-पुसदपर्यंत पुरवून वापरायच्या. महत्त्वाच्या तेवढ्याच ठेवायच्या.

वायरमन_दादा
दाराचं एक राहिलं. वर जाणारं दार कुटाराच्या शेडात उघडणार कसं? आमच्या शेडाची वळचण डोक्याला लागते.

कास्तकार_टर्बो
दाराला रडार आहे दादा, अडथळा दिसला की थांबतं. पण मग थांबल्यावर आपण बाहेर निघायचं कसं, हा प्रश्न उरतोच. वर छप्पर उघडायचं आणि उडी मारायची.

गिअरवेडी
फिटरभाऊ, स्टेपनीवर परत येते. मी म्हणाले होते की जागा खाते. कंपन्या आणखी एक कारण देतात: पुढचं आणि मागचं टायर वेगळं, म्हणून एक स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. तुम्हाला हे पटतं?

फिटरभाऊ
ताई, हिशेब करा. पुढचं 245/40 आर20. वीस इंच म्हणजे 508 मिलिमीटर, त्यात दोन भिंती 98-98. झाले 704. मांगचं 275/35, 508 अन् दोन भिंती 96-96. झाले 700. उंचीत फरक चार मिलिमीटरचा. टायर घासून घासून त्याच्याहून जास्त झिजते. फरक हाय थो रुंदीचा. रुंदी तशीही बारक्या टेंपररी स्टेपनीत नसते. सातशेच्या उंचीचं एक बारीक चाक, ब्रेंबोचे ब्रेक सुटतील एवढं मोठं रिम, वर '80 च्या पुढं नको' असं पिवळं स्टिकर. दोन्हीकडं बसते. गाडी गॅरेजपर्यंत आली म्हणजे झालं.

चारही चाकांले मोटर हाय म्हणून लांब पळवायची नाई, एवढं सांगून ठेवतो. अन् एक बोनस गोष्ट, समृद्धीवर जाणाऱ्यांसाठी. थंड्या टायरात सकाळी 36 पीएसआय हवा भरली, बाहेर तीस डिग्री, अन् टायर तापून पंचाहत्तरले गेलं, तं मीटरवर साडेत्रेचाळीसच्या आसपास दिसते. लोक घाबरून टोलवर हवा सोडतात. सोडू नका. कमी हवेचं टायर जास्त वाकते, जास्त तापते, अन् मंग फाटते. कंपनीनं दारावर लिहिली तेवढी हवा सकाळी थंड्यात भरा अन् गप चालवा. नायट्रोजनचे पैसेही वाचवा, हवेत 78 टक्के थोच असते.

मुंबईचा_जावई
फिटरभाऊ, हिशेब कळला. पण सातशे मिलिमीटरचं चाक 249 लिटरच्या डिकीत बसणार नाही. ठेवणार कुठे?

फिटरभाऊ
दोन सीटा हायेत ना.

ठेचा_भाकर
मग सासरी एकट्यानेच जायचं.

कास्तकार_टर्बो
गिअरवेडीताई, मीटिंगमध्ये अर्थिंगच्या खाली हेही घाला: स्टेपनीला सीटबेल्ट.